एका मोसमात १०६ सामने

अमेरिकेच्या मेजर लीग बेसबॉलमध्ये एक संघ मोसमात १६२ सामने खेळतो, म्हणजे जवळजवळ रोज एक. सामन्याची सुरुवात करणारा पिचर जास्तीत जास्त शंभराच्या आसपास चेंडू टाकतो आणि पुढचे निदान चार दिवस खांदा-कोपराला विश्रांती देतो. त्यामुळे मोसमात तो फार तर तेहतीस-चौतीस सामने खेळतो. पिचरमध्ये सर्वाधिक सामन्यांचा मान जातो तो मागाहून येणाऱ्या रिलीव्हरकडे.

आता मोजणी कशी होते ते बघू. रिलीव्हरने एकच चेंडू टाकला तरी तो सामना त्याच्या नावावर लागतो. एकदा बाहेर काढलेला खेळाडू त्या सामन्यात परत येऊ शकत नाही, म्हणून प्रशिक्षक रिलीव्हर जपून वापरतो. अडचण दिसू लागली की बुलपेनमधला, म्हणजे रिलीव्हर जिथे तयार होतात त्या जागेतला, फोन वाजतो. रिलीव्हर जॅकेट काढतो, आधी हळू आणि मग पूर्ण जोर लावून चेंडू टाकू लागतो. एवढ्यात मैदानावरच्या पिचरने गडी बाद केला, तर फोन पुन्हा वाजतो : बस खाली. ती सगळी मेहनत आकडेवारीत कुठेच येत नाही. मला या आकड्यांची हीच बाजू सर्वांत महत्त्वाची वाटते.

एका मोसमात पिचर म्हणून सर्वाधिक सामन्यांचा विक्रम आहे लॉस एंजेलिस डॉजर्सच्या माइक मार्शल यांचा. १९७४ साली ते १०६ सामन्यांत उतरले, त्यातले १३ सलग. शिवाय एकेका गड्यापुरते येऊन गेले असे नाही; त्यांनी २०८ हून अधिक इनिंग (तीन गडी बाद होईपर्यंतचा एक डाव) टाकल्या. सर्वोत्तम पिचरला दिला जाणारा साय यंग पुरस्कार त्या वर्षी त्यांना मिळाला, आणि तोवर तो एकाही रिलीव्हरला मिळाला नव्हता. चेंडू टाकताना शरीर नेमके कसे वळते, यावर त्यांचा बारीक अभ्यास होता. पुढे मिशिगन स्टेट विद्यापीठातून त्यांनी डॉक्टरेटही घेतली. योग्य पद्धतीने टाकले तर हात मोडत नाही, यावर त्यांचा ठाम विश्वास होता.

पिट्सबर्गचे केंट टेकल्वी यांची रीत वेगळी. किडकिडीत, चष्मा लावणारा हा माणूस कमरेत वाकून, जवळजवळ जमिनीलगतून चेंडू सोडायचा. १९७९ मध्ये ते ९४ सामने खेळले. १९८७ मध्ये, चाळिशीत, फिलाडेल्फियाकडून ९०.

पुढे कामाची वाटणी बारीक झाली. डावखुऱ्या फलंदाजाला डावखुऱ्या पिचरचा चेंडू खेळणे जड जाते, म्हणून त्या एका फलंदाजापुरता डावखुरा पिचर आणायची पद्धत पडली. न्यूयॉर्क मेट्सचा पेड्रो फेलिसियानो हे त्याचे ठळक उदाहरण : २००८ मध्ये ८६, २००९ मध्ये ८८, २०१० मध्ये ९२ सामने, आणि त्या शेवटच्या वर्षात इनिंग अवघ्या त्रेसष्टच्या आसपास. मार्शल यांच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी. २०२० पासून मात्र पिचरने किमान तीन फलंदाजांना सामोरे जावे किंवा चालू डाव संपवावा असा नियम आला, आणि ही वाट बरीचशी बंद झाली.

इनिंग कमी म्हणजे हाताला त्रास कमी, असे फेलिसियानोच्या बाबतीत झाले नाही. २०१० नंतर न्यूयॉर्कच्याच यँकीज संघाने त्याच्याशी दोन वर्षांचा करार केला. पण खांदा दुखावला, आणि मेजर लीगच्या एकाही सामन्यात तो त्यांच्यासाठी चेंडू टाकू शकला नाही. २०१३ मध्ये तो मेट्सकडे परतला, तेव्हा त्याच्या नावावर लागले २५ सामने.