चित्र परत येते, कापूस परत येत नाही

वर्ध्याहून नागपूरकडे निघाले की २६ किलोमीटरवर केळझर लागते. टेकडीवरील सिद्धिविनायकामुळे विदर्भाच्या अष्टविनायकांत या गावाची गणना होते. महाभारतातील एकचक्रानगरी ती हीच आणि भीमाने बकासुराला मारले तेही येथेच, अशी परिसरातील जुनी श्रद्धा आहे. गावाची ओळख सांगताना देवस्थान, शेती आणि जवळचे बोर धरण यांचा उल्लेख होतो. चित्रकलेचा होत नाही, आणि त्यात कोणाला काही उणे वाटत नाही. तथापि चित्र काढणारी माणसे केवळ मुंबई-पुण्यातच जन्मास येतात, असा काही निसर्गनियम नाही. अशा प्रत्येक मोठ्या गावात एखादा कलाशिक्षक असतो. दुकानांच्या पाट्या रंगवून पोट भरणारा एखादा पेंटर काल-परवापर्यंत होता. फ्लेक्सच्या फलकांनी त्याचा धंदा बुडविला. या मंडळींपैकी एखाद्याच्या हातून कधी खरेखुरे चित्र उतरले, तर त्याचे पुढे काय होते, हा प्रश्न कलेचा आहे तितकाच अर्थशास्त्राचा आहे.

चित्राला बाजारपेठ मिळवून देणारी आपल्याकडील प्रचलित व्यवस्था म्हणजे प्रदर्शन. केळझरच्या चित्रकाराला ते गाठायचे तर जवळात जवळ नागपूर, म्हणजे सुमारे ५० किलोमीटर; आणि नाव व्हावे अशी इच्छा असेल तर मुंबई, म्हणजे शेकडो किलोमीटर दूर. आता त्याचा हिशेब मांडून पाहावा. कागद, कॅनव्हास आणि रंग यांचा खर्च तो हौसेच्या खाती टाकतो, म्हणून तो सोडून देऊ. पण चौकट, माउंट व काच, वेष्टन, प्रवेश शुल्क, चित्र नेऊन देण्याची एक खेप व परत आणण्याची दुसरी, त्यासाठी घेतलेली किरमिजी सुटी किंवा बुडालेली मजुरी, ही सारी रक्कम चित्र कोणी पाहण्याच्या आधीच त्याच्या खिशातून गेलेली असते. निवड समितीने चित्र नाकारले तरी प्रवेश शुल्क परत मिळत नाही. नाकारलेले चित्र ठराविक मुदतीत उचलून न्यावे, अशी अट मात्र नियमपत्रिकेत असते. एस.टी.त उभ्याने धरून आणलेल्या चौकटीची काच फुटली तर तो ज्याच्या त्याच्या दैवाचा भाग.

शेतकरीही आपला माल बाजारात नेताना हमाली आणि तोलाई भरतो, भावाची वाट पाहत गाडीशेजारी रात्र काढतो. त्याच्या हालांविषयी विदर्भात कोणाला नव्याने सांगावे लागत नाही. पण एक गोष्ट खरी, की कापूस बाजारातून घरी परत येत नाही. पडत्या भावाने का होईना, तो विकला जातो. चित्र बहुधा परत येते. पारितोषिक मिळाले तर प्रमाणपत्रासह येते, इतकाच फरक. राज्याने १९७२ साली कापसाची एकाधिकार खरेदी योजना सुरू केली आणि तिचे बरेवाईट अनुभव घेऊन पुढे ती बंद पडली. चित्रांसाठी तशी योजना कोणी सुचविणार नाही, सुचवूही नये. परंतु विक्रेत्यानेच माल दाखविण्याचे भाडे भरावे, पाहणाऱ्याने फुकट पाहावे आणि खरेदीदार मुळी यावाच नये, या व्यवस्थेला बाजार म्हणणे हा भाषेचा दुरुपयोग होय.

निवड समित्यांविषयी चित्रकारांच्या तक्रारी फार जुन्या आहेत आणि त्यांतील पुष्कळशा वैफल्यातून आलेल्या असतात, हे मान्य केले पाहिजे. तरीही समितीचा निर्णय म्हणजे गुणवत्तेचा अखेरचा निवाडा नव्हे. पॅरिसमध्ये शिकून आलेल्या अमृता शेरगिल यांनी १९३५ साली शिमल्याच्या फाइन आर्ट्स सोसायटीकडे दहा चित्रे पाठविली. शिमला हे त्यांचे राहते गाव, म्हणजे हे त्यांचे स्थानिक प्रदर्शनच. सोसायटीने पाच चित्रे नाकारली आणि स्वीकारलेल्यांपैकी एकाला पारितोषिक दिले. शेरगिल यांनी ते पारितोषिक परत केले. त्याच १९३५ साली त्यांनी रंगविलेल्या तीन मुलींच्या चित्राला दोन वर्षांनी बॉम्बे आर्ट सोसायटीचे सुवर्णपदक लाभले. बाणेदार चित्रकर्तीची कथा म्हणून हा प्रसंग नेहमी सांगितला जातो. पण पारितोषिक परत करण्यासाठी मागे एक सुस्थितीतील घर उभे असावे लागते, हे मात्र सांगितले जात नाही. केळझरचा कलाशिक्षक पारितोषिक परत करणार नाही. त्या रकमेतून चौकटवाल्याची उधारी फिटायची असते.

मुंबईच्या संस्थांनी काहीच केले नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. १८८८ साली स्थापन झालेल्या बॉम्बे आर्ट सोसायटीच्या वार्षिक प्रदर्शनांनी अनेकांना वाट करून दिली. सय्यद हैदर रझा यांचे उदाहरण या दृष्टीने विदर्भाला जवळचे आहे. १९२२ साली मंडला जिल्ह्यातील बाबरिया येथे वनखात्यातील नोकरदाराच्या घरी ते जन्मले आणि १९३९ ते १९४३ या काळात नागपूरच्या कलाशाळेत शिकले. मुंबईत एका ब्लॉक बनविणाऱ्या स्टुडिओत नोकरी करीत त्यांनी चित्रे काढली. १९४६ मध्ये सोसायटीचे रौप्यपदक आणि १९४८ मध्ये सुवर्णपदक त्यांना मिळाले. १९५० साली फ्रेंच सरकारच्या शिष्यवृत्तीवर ते पॅरिसला गेले. वासुदेव गायतोंडे यांचा तर जन्मच नागपूरचा, १९२४ सालचा. सोसायटीचे रौप्यपदक त्यांना १९५० मध्ये मिळाले. प्रदर्शनाच्या व्यवस्थेने या दोघांना वर आणले, हे निर्विवाद आहे. पण वर आणले म्हणजे गावातून बाहेर काढले, हेही तितकेच खरे. रझांचे ‘सौराष्ट्र’ हे चित्र २०१० साली लंडनच्या लिलावात १६ कोटी ४२ लाख रुपयांना गेले. ज्या नागपुरात त्यांनी रेषेचे पहिले धडे गिरविले, त्या नागपूरच्या किती शाळकरी मुलांनी रझांचे एक तरी मूळ चित्र डोळ्यांनी पाहिले असेल? शेतमालाप्रमाणे गुणवत्तेचेही कच्चा माल म्हणून निर्गमन होते, आणि पक्का माल परत विकत घेण्याची ऐपत उगमस्थानी उरत नाही.

प्रदर्शनाची याहून निराळी कल्पना एकदा मांडली गेली होती, आणि ती केळझरपासून फार दूर मांडली गेली नव्हती. गांधीजी १९३६ च्या एप्रिलअखेरीस वर्ध्याजवळच्या सेगावात राहावयास गेले. याच सेगावचे पुढे १९४० साली सेवाग्राम झाले. त्या वर्षीचे काँग्रेसचे अधिवेशन खानदेशातील फैजपूर येथे, म्हणजे प्रथमच एका खेड्यात, भरावयाचे होते. अधिवेशनाच्या नगराची आणि ग्रामोद्योग प्रदर्शनाची रचना करण्यासाठी गांधीजींनी शांतिनिकेतनहून नंदलाल बोस यांना पाचारण केले. आपण चित्रकार आहोत, बांधकामाचे जाणकार नव्हे, अशी नंदलालांची शंका होती. गांधीजींनी ती मानली नाही. निष्णात तज्ज्ञापेक्षा कामाला वाहून घेणारा माणूस हवा, असे त्यांचे म्हणणे होते. मग बांबू, गवत आणि परिसरात सहज मिळणारे असेच साहित्य घेऊन नगर उभे राहिले. २५ डिसेंबर १९३६ रोजी गांधीजींनी प्रदर्शनाचे उद्घाटन केले. दालनाची मखमल नाही, पॅरिसची चौकट नाही. जे उभारले गेले त्याचा खर्च त्या मातीला पेलणारा होता.

फैजपूरचा अनुभव गाठीशी असल्यामुळेच पुढचे काम अधिक धीटपणे झाले. गुजरातेतील हरिपुरा येथे फेब्रुवारी १९३८ मध्ये सुभाषचंद्र बोस यांच्या अध्यक्षतेखाली अधिवेशन भरले. त्यासाठी नंदलालांनी स्वतः ऐंशीहून अधिक चित्रफलक रंगविले, आणि कलाभवनातील सहकाऱ्यांनी व विद्यार्थ्यांनी त्यांच्या प्रती करून एकूण संख्या सुमारे चारशेपर्यंत नेली. हातकागद पुठ्ठ्यावर चिकटवून त्यावर मातीच्या रंगांनी, जाड रेषेत, झपाट्याने काढलेली ही चित्रे होती. विषय म्हणाल तर सुतार, चांभार, शिकारी, ढोलकवाला, दळणकांडण करणाऱ्या बाया. ती प्रवेशद्वारांवर आणि निवासाच्या छावण्यांत लावली गेली, म्हणजे वाटेने जाणाऱ्या माणसाला ती जाता-येता दिसत राहिली. तिकीट काढून, चपला बाहेर ठेवून, आवाज खाली करून चित्र पाहण्याची पाळी कोणावर आली नाही.

येथे अर्थशास्त्राच्या दृष्टीने लक्षात घेण्याजोगी बाब ही, की या दोन्ही ठिकाणी चित्रकाराकडून प्रवेश शुल्क घेण्याचा प्रश्नच उद्भवला नाही. काम सांगणारा समाज होता आणि साहित्याचा, प्रवासाचा भार त्यानेच उचलला. चित्र विकले जाईल की नाही ही चिंता चित्रकाराच्या डोक्यावर नव्हती, कारण चित्राचा उपयोग काढण्याआधीच ठरलेला होता. अर्थात, राष्ट्रीय चळवळीच्या उधाणात जे जमले ते एरवी जमेल काय, अशी शंका कोणी काढील. ती रास्त आहे. पण त्याच सुमारास, १९३५ साली, अमेरिकेत मंदीने बेकार झालेल्या चित्रकारांसाठी तेथील सरकारने कलाप्रकल्प सुरू केला आणि लहान-मोठ्या गावांतून शंभरावर कलाकेंद्रे उघडली. फ्रान्सने १९५१ पासून शाळांच्या इमारतींच्या बांधकाम खर्चातील एक टक्का कलाकृतींसाठी राखून ठेवण्याची प्रथा पाडली. तेथे कोणतीही चळवळ उधाणाला आलेली नव्हती. अंदाजपत्रकात एक ओळ वाढविली गेली, इतकेच.

आपल्याकडे १९६५ पासून स्वतंत्र कला संचालनालय आहे. राज्य कला प्रदर्शनात विद्यार्थी आणि व्यावसायिक असे वेगवेगळे विभाग केले जातात. नागपुरात १९८६ पासून दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्र उभे आहे. शाळांतून एलिमेंटरी आणि इंटरमीजिएटच्या परीक्षांना मुले मोठ्या संख्येने बसतात. दहावीला त्यांचे वाढीव गुण मिळू लागल्यापासून तर पालकांनाही चित्रकलेचे प्रेम फुटले आहे. म्हणजे चित्रे काढणाऱ्यांची पैदास करण्याची यंत्रणा आपण उभी केली. पाहणाऱ्यांची आणि घेणाऱ्यांची केली नाही. पुरवठा वाढवीत जावे आणि मागणीकडे डोळेझाक करावी, ही चूक ज्वारीच्या बाबतीत अर्थखात्यातला कारकूनही करणार नाही.

मागणी कशी निर्माण होते याचे एक उदाहरण म्हैसूरचे आहे. सावंतवाडीचे सावळाराम लक्ष्मण हळदणकर यांनी १९४५-४६ च्या सुमारास हातात दिवा घेतलेल्या तरुणीचे जलरंगातील चित्र काढले. त्यासाठी त्यांची कन्याच समोर उभी राहिली होती. ‘ग्लो ऑफ होप’ या नावाने सर्वांना ठाऊक असलेल्या या चित्राला म्हैसूरच्या दसरा प्रदर्शनात पहिले पारितोषिक मिळाले आणि ते तेथील जगनमोहन राजवाड्याच्या कलादालनात कायमचे राहिले. सणाच्या निमित्ताने येणारी गर्दी आणि खरेदी करून चित्र तेथेच ठेवणारा आश्रयदाता, ही दोन्ही एकत्र आली म्हणून सावंतवाडीच्या माणसाचे चित्र म्हैसूरच्या मजुरालाही माहीत झाले. संस्थाने गेली, त्यांच्या जागी आलेल्या लोकनियुक्त संस्थांनी दरबाराचे हे एक कर्तव्य मात्र वारशात घेतले नाही.

गर्दीची उणीव केळझरच्या परिसरालाही नाही. याच सेलू तालुक्यातील सिंदी रेल्वे येथे तान्ह्या पोळ्याला मोठमोठे लाकडी नंदी सजवून आणले जातात आणि ते पाहण्यासाठी गावोगावचे लोक लोटतात. कोरीव काम, रंगकाम, सजावट, परीक्षण, बक्षीस, प्रेक्षक, प्रदर्शनाला लागणारे सारे काही तेथे आहे. फक्त त्याला कलाप्रदर्शन म्हणावयास कोणी धजत नाही. केळझरच्या गणपतीला चतुर्थीला येणारा भाविकही डोळे घेऊनच येतो. वर्ध्यात ३० डिसेंबर १९३८ रोजी गांधीजींच्याच हस्ते उघडलेले मगन संग्रहालय आहे. ग्रामोद्योगाच्या वस्तू पाहावयास येणाऱ्याने शेजारच्या भिंतीवर जिल्ह्यातील चित्रे पाहिली तर कोणाचे काही बिघडणार नाही.

तेव्हा जिल्ह्याचे वार्षिक चित्रप्रदर्शन जत्रेच्या किंवा पोळ्याच्या दिवसांत, माणसे असतील तेथे भरवावे. प्रवेश शुल्क घेऊ नये. चित्रांची ने-आण आयोजक संस्थेने आपल्या वाहनाने करावी. काचेच्या चौकटीची अट काढून टाकावी, कारण हरिपुऱ्याची चित्रे पुठ्ठ्यावर उभी राहिली होती. पारितोषिकांची रक्कम पाच जणांत वाटून पाच चित्रे परत पाठविण्यापेक्षा त्याच रकमेतून दोन चित्रे विकत घ्यावीत आणि ती शाळेत, ग्रामीण रुग्णालयात अथवा तहसील कचेरीच्या त्या लांबलचक व्हरांड्यात लावावीत, जेथे लोकांना दाखल्यासाठी तासन्‌तास तिष्ठत बसावे लागते. खरेदीत वशिलेबाजी होईल, अध्यक्षांच्या मेहुण्याचे चित्र घेतले जाईल, हा आक्षेप येणारच, आणि तो खोटा नाही. पण वशिल्याने बांधलेला रस्ता पहिल्या पावसात वाहून जातो आणि मग कोणाला जाब विचारता येत नाही. वशिल्याने घेतलेले चित्र रोज शेकडो लोकांसमोर टांगलेले राहते. खरेदीची किंमत आणि निवड करणाऱ्यांची नावे चित्राखालच्या पट्टीवर लिहावीत, असा नियम केला तर निवड समितीलाही रंगांविषयी थोडा विचार करावा लागेल.

हरिपुऱ्याच्या मूळ फलकांपैकी बहुतेक आज दिल्लीच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात आहेत. २०१९ साली त्यांतील काही व्हेनिसच्या द्वैवार्षिक प्रदर्शनात भारताच्या दालनात मांडले गेले. १९७२ च्या कायद्यान्वये नंदलाल बोस यांच्या कृती राष्ट्रीय कलानिधी ठरल्या असून त्या विकून देशाबाहेर नेता येत नाहीत. त्यांचे रक्षण उत्तम झाले आहे. मात्र त्या सुताराला आणि त्या ढोलकवाल्याला भेटावयाचे असेल, तर सेलू तालुक्यातील सुताराने आता दिल्लीची गाडी पकडावी लागते.