मागची काच धुके धरते तेव्हा : जुन्या गाडीच्या डिफॉगरची दुरुस्ती



आपल्या मंडळात दहा-पंधरा वर्षांची गाडी जपून वापरणारी घरे पुष्कळ आहेत. इंजिन ठणठणीत असते, गाडी विकायला मन होत नाही. पण जून उजाडला की एक तक्रार हमखास कानावर येते, "मागचं काही दिसत नाही हो!" कॅम्पातल्या रुंद रस्त्यांवर हे एक वेळ चालून जाते. जांबोटी-कणकुंबीवरून चोर्ला घाटाने गोव्याला जाताना, आंबोली उतरताना किंवा निपाणीच्या वाटेवर तवंदी घाटात मात्र चालत नाही. मागून येणारा ट्रक वेळेवर दिसला पाहिजे. म्हणून या लेखात मागच्या काचेच्या डिफॉगरविषयी आम्ही सविस्तर लिहीत आहोत.

काच धुके का धरते?

गाडीत चार माणसे बसली की श्वासाची आणि ओल्या कपड्यांची वाफ हवेत मिसळते. बाहेरच्या पावसाने काच थंड झालेली असते. त्या थंड काचेला वाफ लागली की तिचे बारीक थेंब होतात. पुढच्या काचेवर एसीची कोरडी हवा सोडता येते. मागे ती नीट पोहोचत नाही, म्हणून तिथे काच तापवण्याची सोय केलेली असते.

मागच्या काचेवर दिसणाऱ्या तांबूस आडव्या रेघा म्हणजे काचेवर छापून भट्टीत पक्क्या केलेल्या चांदीमिश्रित लेपाच्या पट्ट्या. दोन्ही कडांना एकेक रुंद उभी पट्टी असते. एकीकडून बॅटरीचा करंट येतो, रेघांतून जाताना त्या तापतात आणि दुसरीकडून तो बॉडीला, म्हणजे अर्थिंगला मिळतो. प्रत्येक रेघ स्वतंत्र असल्यामुळे एक तुटली तर तेवढाच पट्टा धुकट राहतो, बाकीची काच साफ होते.

दोष शोधण्याची रीत

इंजिन चालू करून डिफॉगरचे बटण दाबा आणि धुके धरलेल्या काचेकडे पाहा. काहीच साफ झाले नाही तर रेघांना दोष देऊ नका. आधी फ्यूज पाहा, मग रिले, मग काचेच्या कडेची वायर सुटली आहे का ते आणि शेवटी अर्थिंगच्या वायरीचा गंज. फ्यूज उडालेला असल्यास तितक्याच अँपिअरचा घाला. तिथे तार गुंडाळणे म्हणजे आगीला आमंत्रण. हा डिफॉगर साधारण 10 ते 20 अँपिअर करंट खातो.

एखादाच पट्टा धुकट राहत असेल तर ती रेघ कुठेतरी तुटलेली आहे. बँकेत बॅलन्सिंगला फरक आला की आम्ही सगळी वही पुन्हा बेरजेला घेत नसू. निम्म्यावर बेरीज तपासायची, फरक कोणत्या निम्म्यात आहे ते पाहायचे आणि तेवढाच भाग चाळायचा. इथेही तेच करायचे.

मल्टिमीटर डीसी व्होल्टवर ठेवा. टोकाने रेघ खरवडू नये म्हणून त्यावर स्वयंपाकघरातली अॅल्युमिनियम फॉइल गुंडाळा. काळी वायर गाडीच्या बॉडीच्या उघड्या धातूला लावा आणि लाल टोक रेघेच्या बरोबर मधोमध टेकवा. रेघ धड असेल तर सुमारे 6 व्होल्ट दिसतील. जवळजवळ 12 दिसले तर तूट अर्थिंगच्या बाजूला आहे. शून्य दिसले तर ती करंट येण्याच्या बाजूला आहे. मग त्या बाजूला लाल टोक हळूहळू सरकवा. जिथे आकडा एकदम उडी मारतो, तिथेच तूट.

दुरुस्ती

यासाठी वीजवाहक सिल्व्हर पेंट मिळतो, छोटी बाटली पुरते. कोरडा दिवस बघून गाडी सावलीत लावा आणि डिफॉगर बंद ठेवा. तूट असलेली जागा स्पिरिटने हलक्या हाताने पुसा. रेघेच्या वर आणि खाली मास्किंग टेप लावून तेवढीच फट मोकळी ठेवा. तुटीच्या दोन्ही बाजूंना थोडा थोडा चढेल असा पेंटचा पातळ हात द्या, सुकल्यावर दुसरा द्या. टेप सावकाश काढा आणि 24 तास बटणाला हात लावू नका.

कडेच्या पट्टीवरची चपटी पिनच निखळली असेल तर साधा गोंद उपयोगाचा नाही, कारण त्यातून वीज जात नाही. ते काम अनुभवी ऑटो इलेक्ट्रिशियनकडे द्यावे.

रेघा तुटतात कशाने?

बहुतेक वेळा आपल्याच हाताने. काचेवरचा स्टिकर ब्लेडने खरवडला, मागच्या फळीवर ठेवलेली छत्री-पिशवी घासली, की रेघ गेली. 2012 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गाड्यांच्या काळ्या फिल्मना मनाई केली, तेव्हा लोकांनी त्या काढायला घेतल्या. फिल्म ओढून काढली की तिच्या गोंदाबरोबर रेघाही निघतात. आतून काच पुसताना मऊ फडके रेघांच्या दिशेने आडवे फिरवावे. काच साफ झाली की बटण बंद करावे, नाहीतर बॅटरीवर उगाच भार पडतो.

तापणाऱ्या सीटबद्दल

मुले परदेशात असलेल्या घरांतून आणखी एक प्रश्न येतो, गाडीच्या तापणाऱ्या सीटचा. तत्त्व हेच. गादीखाली तापणारी तार असते आणि वर गुडघा टेकवून चढल्याने ती तुटते. पण फ्यूज पाहण्यापलीकडे घरी हात घालू नये, कारण सीटला एअरबॅगच्या वायरी जोडलेल्या असू शकतात. मधुमेहामुळे संवेदना कमी झालेल्या ज्येष्ठांनी तर विशेष जपावे. बिघडलेली सीट एके ठिकाणी जास्त तापली तरी त्यांना चटका कळत नाही. सीट दुरुस्त होईपर्यंत मुलांनी ते बटण बंदच ठेवावे आणि आई-वडिलांना तसे सांगून ठेवावे.

पावसाळा सुरू होण्याआधी, मे महिन्यातच, एकदा डिफॉगर लावून पाहा. बटणाचा दिवा लागतो म्हणजे काच तापतेच असे नाही. पाच मिनिटांनी आतून हात लावला की खरे काय ते समजते.