मोडका डोंगरी ट्रॅक्टर: घ्यावा कीं सोडावा?

आल्प्स पर्वताच्या कुशींतील शेती ही मुख्यत्वें गवताची शेती होय. स्वित्झर्लंडमधील बर्नचा डोंगराळ मुलूख काय किंवा ऑस्ट्रियांतील टिरोल काय, तेथील शेतकऱ्याचें खरें धन म्हणजे त्याच्या गाई. हिवाळ्याचे कित्येक महिने भूमि बर्फाखालीं असते आणि गाई गोठ्यांत बांधून ठेवाव्या लागतात. त्या अवधींत पुरेल इतकें गवत उन्हाळ्यांत कापून, वाळवून कोठारांत भरणें हें शेतकऱ्याचें वर्षाचें मुख्य काम. परंतु हें गवत सपाटीवर थोडेंच मिळतें. दरींतील सपाट जागा घरें, रस्ते आणि नद्या यांनीं व्यापलेली असते. बाकीचें कुरण डोंगराच्या अंगावर चढत गेलेलें असतें.

हा चढ केवढा असतो याची कल्पना मुंबई-पुण्याचा प्रवास केलेल्यास एका तुलनेनें येईल. बोरघाटांत रेल्वेचा तीव्र चढ ३७ फुटांस १ फूट इतका आहे आणि तेवढ्यासाठीं गाडीस जादा इंजिनें जोडावीं लागतात. डोंगरी शेतकऱ्यास अनुदान देण्याकरितां स्विस सरकारनें उताराच्या ज्या पायऱ्या ठरविल्या आहेत, त्यांतील सर्वांत वरच्या पायरींत १०० फुटांस ५० फुटांहून अधिक चढ असलेलीं कुरणें मोडतात. म्हणजे २ फुटांस १ फूट. कोनाच्या भाषेंत सुमारें २७ अंश. रूळ आणि माती यांची तुलना अगदीं बरोबरीची नव्हे हें खरें. तथापि अशा जमिनीवर माणसानें यंत्रावर बसून गवत कापावें ही गोष्ट किती अवघड आहे हें त्यावरून ध्यानांत येईल.

पूर्वीं हें सर्व काम लांब दांड्याच्या विळ्यानें होई. पुढें, माणूस मागून चालत असतां पुढें गवत कापीत जाणारीं दोन चाकांचीं मोटारयंत्रें आलीं. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत त्यांच्याही पुढचें पाऊल पडलें आणि चालकास वर बसवून उतारावर आडवें चालणारें चार चाकांचें यंत्र तयार झालें. स्वित्झर्लंडमध्यें बुर्गडॉर्फ येथें १८८३ सालीं निघालेल्या एबी कारखान्याचा ‘टेराट्रॅक’ आणि ऑस्ट्रियांतील वेल्स येथें १९१० सालीं निघालेल्या रिफॉर्म कारखान्याचा ‘मेट्रॅक’ हीं या जातीचीं प्रसिद्ध यंत्रें होत. जर्मन भाषेंत यांस ‘दोन आंसांचें गवत कापणारें यंत्र’ अशा अर्थाचें नांव आहे. नेहमींच्या ट्रॅक्टरचीं मागचीं चाकें मोठीं, पुढचीं लहान आणि बैठक उंच असते. येथें चारही चाकें सारखीं, रुंद टायरांचीं व इंजिनाच्या शक्तीनें फिरणारीं असतात; इंजिन आणि बैठक शक्य तितकीं खालीं बसविलेलीं असतात. कांहीं नमुन्यांत पुढचा व मागचा भाग मधल्या सांध्यावर एकमेकांपासून स्वतंत्रपणें पिळूं शकतात, त्यामुळें खडबडीत जागींही चारही चाकें जमीन सोडीत नाहींत. कांहींत चारही चाकें एकाच दिशेला वळवून यंत्र खेकड्यासारखें तिरकें चालवितां येतें, व उताराकडे होणारी घसरण त्यामुळें सांवरली जाते.

अशा खास घडणीमुळें हीं यंत्रें महाग असतात. नवें घेणें लहान शेतकऱ्याच्या आवांक्याबाहेरचें. म्हणून जुन्यांचा बाजार तेजींत असतो. त्या बाजारांत मधूनमधून एखादें मोडलेलें यंत्र येतें. रंग उडालेला, पत्रा चेपलेला, एक चाक तिरकें झालेलें. पण किंमत निम्म्याहूनही कमी. ज्याच्या हातीं थोडी कारागिरी आहे आणि हिवाळ्यांत ज्याला वेळ आहे, अशा शेतकऱ्यास याचा जीर्णोद्धार करण्याचा मोह होणें स्वाभाविक आहे. जुनें यंत्र पुन्हा चालतें करण्यांत एक निर्मळ आनंदही आहे. तेव्हां प्रश्न असा कीं, यंत्र घ्यावें कीं सोडावें?

या प्रश्नाचें उत्तर यंत्राकडे पाहण्यापूर्वींच अर्धें ठरलेलें असतें. घेणाऱ्याला तें कशासाठीं हवें आहे? जत्रेंत मिरविण्यासाठीं किंवा अंगणांतील सपाट जागेवर चालविण्यासाठीं हवें असेल, तर पुष्कळ दोष क्षम्य ठरतात. त्यांतील सुटे भाग काढून आपल्या जवळच्या तशाच दुसऱ्या यंत्रास वापरावयाचे असतील, तर मोडकेपणा हा दोषच नव्हे. परंतु २७ अंशांच्या उतारावर नेऊन त्यानें गवत कापावयाचें असेल, तर कसोटी अगदीं निराळी. शहराच्या रस्त्यावर मोटार बंद पडली तर खोळंबा होतो. उतारावर ट्रॅक्टरनें दगा दिला तर माणूस जातो.

दुसरा प्रश्न विकणाऱ्यास विचारावयाचा: यंत्र मोडलें कसें? उघड्यावर वर्षानुवर्षें उभें राहून गंजलेलें यंत्र आणि उतारावरून गडगडलेलें यंत्र यांत महदंतर आहे. गंज दिसतो, पडण्याची इजा पुष्कळदां दिसत नाहीं.

यंत्र पडतें कां, हें थोडक्यांत समजून घेणें येथें उपयुक्त होईल. आडव्या उतारावर उभ्या असलेल्या यंत्राच्या गुरुत्वमध्यांतून सरळ खालीं काढलेली रेघ जोंपर्यंत खालच्या चाकांच्या आंत पडते, तोंपर्यंत तें उभें राहतें. समजा, दोन बाजूंच्या चाकांतील अंतर ६ फूट आहे आणि गुरुत्वमध्य जमिनीपासून ३ फूट उंच आहे. मग तें यंत्र स्थिर असतां ४५ अंशांपर्यंत तोल सांभाळील. तोच गुरुत्वमध्य मागें लादलेल्या गवतामुळें ४ फुटांवर गेला, कीं ही मर्यादा ३७ अंशांवर येते. आतां शेत २७ अंशांचें असून वरच्या बाजूचीं चाकें ६ इंच उंचवट्यावर चढलीं आणि त्याच क्षणीं खालचीं ६ इंच खळग्यांत उतरलीं, तर कोन आणखी सुमारें साडेनऊ अंशांनीं वाढतो. बेरीज साडेछत्तीस! कागदावर दहा अंशांची निर्धास्त शिल्लक दिसत होती. ती एका उंचवट्यानें आणि एका खळग्यानें संपली. गति आणि धक्का यांचा हिशेब तर अजून धरलेलाच नाहीं. तात्पर्य, या यंत्राचें सारें मोल त्याच्या तोलांत आहे. आणि तो तोल राखणारे भाग ज्यांत बिघडले तें यंत्र वरून कितीही चकचकीत असलें तरी निरुपयोगी होय.

म्हणून जाणता गिऱ्हाईक प्रथम सांगाडा पाहतो. बैलबाजारांत दांत पाहिल्यावांचून बैल घेत नाहींत, तसेंच हें. सपाट फरशीवर यंत्र उभें करून पुढच्या डाव्या चाकाच्या मध्यापासून मागच्या उजव्या चाकाच्या मध्यापर्यंत आणि उलट अशीं दोन कर्णांचीं मापें घ्यावयाचीं. तीं जुळलीं नाहींत तर सांगाडा पिळला असण्याचा संभव आहे. मग मधला सांधा. एक टोक उचलून हलविलें असतां त्यांत खडखडाट किती आहे तें पाहावें. आंसाच्या कवचावर तेलाची बारीक ओल किंवा रंगांत केसासारखी रेघ दिसली तर खालीं भेग आहे असें समजून चालावें. पूर्वीं कोणी वेल्डिंग करून जोड दिला असेल तर तो कोणी, कोठें आणि कशासाठीं दिला याचा उलगडा झाल्याखेरीज पुढें जाऊं नये. ताजा रंग हा या बाबतींत स्नेही नसून शत्रु होय.

त्यानंतर चालकाच्या डोक्यावरची संरक्षक कमान. यंत्र उलटलें असतां चालक चिरडला जाऊं नये म्हणून ही कमान असते. स्वीडनमध्यें १९५९ सालीं नव्या ट्रॅक्टरांवर अशी रचना सक्तीची करण्यांत आली आणि पुढील काळांत उलटलेल्या ट्रॅक्टरखालीं होणारे मृत्यु अत्यंत घटले. परंतु ही कमान स्वतः वांकून आघात गिळते. एकदां वांकली कीं तिचें काम संपलें. तापवून, ठोकून, सरळ करून, वरून रंग दिलेली कमान पहिल्यासारखी दिसते, पहिल्याइतकें सोसत नाहीं. ती बदललीच पाहिजे. शिवाय कमानीबरोबर कमरपट्टा हवा; नाहींतर यंत्र उलटतांना चालक बाहेर फेंकला जाऊन कमानीखालींच सांपडावयाचा.

इंजिनाविषयीं लोक सर्वांत अधिक चिंता करतात, पण वस्तुतः इंजिन हा जीर्णोद्धाराचा त्यांतल्या त्यांत सोपा भाग आहे. एक पथ्य मात्र कटाक्षानें पाळावें. उलटलेल्या यंत्रांत खालचें तेल वर सिलिंडरांत शिरलेलें असूं शकतें. तेल दाबलें जात नाहीं. अशा स्थितींत एकदम चावी फिरविली तर आंतले दांडे वांकतात. म्हणून प्रथम इंधनाच्या पिचकाऱ्या काढून इंजिन हातानें फिरवून पाहावें. ‘पाहा, कसें चटकन् सुरू होतें!’ असें म्हणत विकणारा पुढें सरसावला तर त्यास थांबवावें. तेल दुधासारखें पांढुरकें झालें असेल तर त्यांत पाणी मिसळलें आहे.

याहून गंभीर प्रकरण गति देणाऱ्या रचनेचें. अलीकडच्या बहुतेक यंत्रांत चाकांना शक्ति तेलाच्या दाबानें पोंचते. या हायड्रोस्टॅटिक पंपांतील तेलास जळका वास येत असेल, किंवा गाळणींत धातूचे कण चमकत असतील, तर पंप झिजला आहे. आणि त्याची किंमत संबंध व्यवहार उलथून टाकण्यास पुरेशी असते. जुन्या गिअरच्या यंत्रांत पंपाची भीति नाहीं, पण उतारावर क्लच दाबतांच यंत्र मोकळें सुटतें, हें विसरतां कामा नये. ब्रेक तर दोन्ही बाजूंस सारखे लागलेच पाहिजेत. एक बाजू आधीं धरली गेली तर यंत्र स्वतःभोंवतीं फिरून उताराकडे तोंड करतें. उभें करण्याचा ब्रेक लावून, इंजिन बंद करून, चढावर तें जागच्या जागीं राहतें कीं नाहीं हें पाहिल्यावांचून पैसे मोजूं नयेत.

टायर, सुटे भाग आणि कागदपत्रें यांचा विचार शेवटीं, पण खर्चांत तीं शेवटचीं नव्हेत. बाजूस तडे गेलेले टायर सपाटीवर चालतील, उतारावर नाहींत. आणि चारही चाकें जेथें इंजिनाला जोडलेलीं असतात तेथें एकच टायर नवा घालून भागत नाहीं, कारण घेर असमान झाल्यास सर्व यंत्रणेवर ताण पडतो. सांगाड्यावरील क्रमांकाची पट्टी शाबूत हवी. त्या क्रमांकावरून योग्य भाग मिळतात, मालकी सिद्ध होते. आणि यंत्र बनविणारा कारखाना अद्याप भाग पुरवितो कीं नाहीं याची विचारणा सौदा होण्यापूर्वीं करतां येते.

आतां हिशेब. समजा, त्याच जातीचें धडधाकट जुनें यंत्र १०० नाण्यांस मिळतें आणि मोडकें ४० नाण्यांस. वाहतूक ५, टायर १२, पंप २०, कमान ८, इंजिनाचें किरकोळ काम १०, मिळून ५५. म्हणजे ९५ झालेच. यंत्र उघडल्यावर नवे दोष निघतात, म्हणून दुरुस्तीच्या चौथ्या हिश्शाइतकी रक्कम बाजूस ठेवावी. बेरीज १०९ वर गेली. स्वतःच्या हातांची मजुरी यांत शून्य धरली आहे. आंकडे केवळ उदाहरणाचे. पण रीत ही. चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला ही म्हण आल्प्समध्येंही खोटी ठरत नाहीं. मोडक्याची तुलना नव्याच्या किंमतीशीं करणें ही येथें होणारी मुख्य चूक. ती धडधाकट जुन्याशींच केली पाहिजे.

आणखी एक खर्च वहींत उमटत नाहीं. गवत वाळविण्यास लागोपाठ दोनतीन कोरडे दिवस हवे असतात, आणि डोंगरांत असे दिवस मोजके. त्यांतल्या एका दिवशीं यंत्र अडलें तर कापलेलें गवत पावसांत कुजतें आणि त्याची भरपाई हिवाळ्यांत विकत घेतलेल्या चाऱ्यानें करावी लागते. म्हणून जीर्णोद्धाराचें यंत्र ज्याला घ्यावयाचें असेल, त्याच्यापाशीं त्या वर्षीं काम भागविणारें दुसरें यंत्र असणें इष्ट.

या सर्वांतून निष्पन्न होतें तें एवढेंच. गंजलेलें, दीर्घकाळ बंद असलेलें, परंतु सांगाडा सरळ, सांधा घट्ट आणि भाग उपलब्ध असलेलें यंत्र आनंदानें घ्यावें; धीर धरणाऱ्यास तें पुन्हा वीस वर्षें सेवा देईल. पडलेलें, वांकलेलें आणि कसें पडलें हें कोणी नीट सांगत नाहीं असें यंत्र उतारासाठीं घेऊं नये; घ्यावयाचेंच तर सुट्या भागांच्या किंमतीस घ्यावें आणि तसें आपल्या मनाशीं आधींच ठरवावें. कारण एकदां पैसा आणि हिवाळा खर्ची पडला, कीं ‘इतकें केलें, आतां चालवून तरी पाहूं’ असें वाटूं लागतें, आणि त्या बैठकीवर बहुधा घरांतलाच कोणी तरुण बसतो. त्याला वरच्या कुरणावर पाठवितांना बापाच्या मनांत जी शंका येईल, तिचें निरसन खरेदीच्या दिवशीं, सपाट फरशीवर, हातांत माप घेऊन झालें पाहिजे. तेथें ती मिटत नसेल तर किंमत कितीही उतरली तरी रिकाम्या हातानें घरीं परतणें हाच फायद्याचा व्यवहार.