सुटीतला संगीतवर्ग कसा निवडावा?

श्रोतेहो, वार्षिक परीक्षा आटोपली की घरोघरी एकच प्रश्न उभा राहतो: मुलाला सुटीत कुठं घालायचं? त्यातून मूल पेटीवर बोटं फिरवून स्वतःच्या चाली बांधणारं असेल, तर आईबाप अधिकच गोंधळतात. जाहिराती पुष्कळ आणि पैसा मोजका. शिवाय चुकीच्या वर्गात गेलेलं मूल पुढं वाद्याला हातच लावीनासं होतं, हा खरा धोका.

बदनापूरचं संशोधन केंद्र तुरीच्या वाणांसाठी प्रसिद्ध आहे. पण वाण नामांकित म्हणून आपण डोळे मिटून पेरतो का? जमीन कशी, पाणी किती, पीक किती दिवसांत येतं, हे आधी पाहतो. संगीतवर्गाचंही तसंच आहे.

पहिला प्रश्न वाद्याचा. पियानो आणि पेटी, दोन्हींत सप्तकाच्या पट्ट्या बाराच. परंतु पेटी भात्याच्या हवेवर वाजते, तर पियानोत हातोडी तारेवर पडते. बोटाचा जोर बदलला की नाद लहानमोठा होतो. तेव्हा पियानो शिकायचा तर रोज पियानोवरच बसायला मिळालं पाहिजे. पणजीच्या कला अकादमीत पाश्चात्त्य संगीत शिकवतात. पण घरी परतल्यावर मूल कशावर वाजवणार, याचा विचार आधी करा. घरी पेटी असेल तर पेटीचाच वर्ग पाहा. त्यात कमीपणा मुळीच नाही. 1911 साली रंगभूमीवर आलेल्या ‘मानापमान’ला चाली देणारे गोविंदराव टेंबे नामांकित पेटीवादकच होते.

दुसरा प्रश्न: वर्गात गळ्याचीही तालीम आहे का? पट्टीवर मींड निघत नाही. अशा आक्षेपांमुळंच 1940 साली खुद्द आकाशवाणीनं पेटीवर बंदी घातली होती. 1971 मध्ये ती सैल झाली. पट्टीवर जे निघत नाही ते चाल बांधणाऱ्याच्या गळ्यात तरी हवं.

तिसरा प्रश्न: एका वाद्यामागं मुलं किती? वर्ग दोन तासांचा, मुलं वीस आणि पेटी एक असेल, तर प्रत्येकाच्या वाट्याला सहाच मिनिटं येतात. एवढ्यात काय शिकणार?

चौथा प्रश्न सर्वांत मोलाचा: मुलानं बांधलेली चाल ऐकून तिच्यातलं बरंवाईट सांगणारे गुरुजी आहेत का? की समारोपासाठी एकच गाणं घोटून घ्यायचं? प्रमाणपत्राला भुलू नका. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा प्रारंभिकपासून अलंकारापर्यंत जातात. ती वर्षानुवर्षांची मेहनत आहे, तीन आठवड्यांचं काम नव्हे.

आणि जवळपास चांगला वर्ग नसेल तर? शिक्षक बंधुभगिनींनो, तुमच्या शाळेची पेटी सुटीत कपाटात कुलूपबंद असेल, तर रोज तासभर ती त्या मुलाला द्या. गावातले भजनी बुवा शेजारी बसले तर फारच उत्तम. जूनमध्ये शाळा उघडली की परिपाठाला त्याची नवी चाल सर्वांना ऐकवा.