लहान पेशी, मोठा झटका

‘हाय व्होल्टेज’ म्हटलं की आपल्याला ट्रान्सफॉर्मरच्या पाटीवरची कवटी आठवते. पण हाच झटका मोजूनमापून दिला, तर तो पेशीचं दार उघडतो!

पेशीचं आवरण जेमतेम ५ नॅनोमीटर जाड. त्यावर साधारण १ व्होल्टचा ताण आला की सूक्ष्म छिद्रं पडतात. झटका बेताचा असेल तर ती पुन्हा बुजतात. तेवढ्या वेळात बाहेरचा डीएनए किंवा औषध आत शिरतं. याला इलेक्ट्रोपोरेशन म्हणतात. १९८२ साली नॉयमान आणि सहकाऱ्यांनी याच मार्गाने उंदराच्या पेशींत जनुक घातलं.

आता प्रश्न असा, की १ व्होल्ट पुरतो तर हजारो व्होल्ट कशाला? गोल पेशीच्या आवरणावरचा ताण म्हणजे १.५ × विद्युतक्षेत्र × त्रिज्या. १० मायक्रोमीटर त्रिज्येच्या प्राणिपेशीला सेंटिमीटरमागे सुमारे ७०० व्होल्ट पुरतात. अर्धा मायक्रोमीटर त्रिज्येच्या जिवाणूला त्याच्या वीसपट, म्हणजे १३ हजारांच्या आसपास लागतात. म्हणूनच २ मिलिमीटर फटीच्या क्युव्हेटला २५०० व्होल्ट देतात. थोडक्यात, पेशी जितकी लहान तितका झटका मोठा.

हा झटका बनतो कसा? होस्टेलच्या बारीक नळाखाली बादली दहा मिनिटं भरत ठेवायची आणि रंगपंचमीला एका दमात मित्रावर ओतायची, तसंच. कपॅसिटर सावकाश चार्ज करायचा, मग स्विच दाबून क्षणात रिकामा करायचा. जिवाणूंसाठी २५ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आणि नमुन्याला समांतर २०० ओहमचा रेझिस्टर घेतला, तर टाइम कॉन्स्टंट ५ मिलिसेकंद येतो. पण नमुन्यात मीठ राहिलं की त्याचा रोध घसरतो, ‘फट्’ असा आवाज होऊन ठिणगी पडते आणि मेहनत वाया! म्हणून पेशी आधी मीठ नसलेल्या थंड द्रावणात नीट धुऊन घ्यायच्या.

कॅन्सरच्या गाठीत ब्लिओमायसिन पोचवताना मात्र चौकोनी पल्स लागते. साधारणपणे १०० मायक्रोसेकंदांच्या ८ पल्स देतात. समजा १००० व्होल्ट आणि ५० ओहमचा लोड आहे. करंट २० अँपिअर, एका पल्सचा चार्ज २ मिलिकूलोम. व्होल्टेज ५ टक्क्यांहून जास्त पडू द्यायचं नसेल, तर कपॅसिटर किमान ४० मायक्रोफॅरडचा हवा. स्विच म्हणून इथे आयजीबीटी चालतो. याहून जास्त व्होल्टेज हवं असेल तर एर्विन मार्क्स यांची १९२४ सालची युक्ती आहेच: कपॅसिटर समांतर चार्ज करा, एकसरीत डिस्चार्ज करा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. २५०० व्होल्टला २५ मायक्रोफॅरडमध्ये ७८ जूल ऊर्जा असते. हाताला लागली तर जीव जाऊ शकतो, आणि प्लग काढला तरी ती तिथेच असते! म्हणून कपॅसिटरला कायमचा ब्लीडर जोडा. १०० किलोओहमचे दहा रेझिस्टर एकसरीत लावले की १ मेगाओहम होतो. टाइम कॉन्स्टंट २५ सेकंद. दोन-सव्वादोन मिनिटांत व्होल्टेज १ टक्क्याखाली येतं. तरीही हाय व्होल्टेज प्रोबने मोजा, मग अर्थिंगची काठी लावा आणि त्यानंतरच हात घाला. साध्या मल्टिमीटरच्या भरवशावर राहू नका. प्रोजेक्ट करताना लॅबमध्ये एकटे बसू नका, गाईड सरांना किंवा मॅडमना सोबत घ्या.

दिवा विझला म्हणजे कपॅसिटर रिकामा झाला असं नाही, एवढं लक्षात ठेवलंत तरी पुरे!