मोडीत निघालेली रणनौका

दिवाळीची झाडलोट सुरू झाली की आमच्या माळ्यावरचा तांब्याचा बंब हा दरवर्षी वादाचा विषय होतो. सौभाग्यवती म्हणते, "मोडीत काढा." आई म्हणते, "माझ्या डोळ्यांदेखत नको." मी पडलो कॉलेजात मराठी शिकविणारा माणूस, दोघींच्या मध्ये न पडता पुस्तकात डोके खुपसतो. यंदा हाती आला तो ‘ओरेगन’ या अमेरिकन युद्धनौकेचा इतिहास; आणि गंमत पाहा, तिथेही बंबच निघाला!

‘ओरेगन’ सॅन फ्रान्सिस्कोला बांधली गेली. १८९३ साली ती पाण्यात उतरली आणि १८९६ साली आरमारात दाखल झाली. शिडांच्या लाकडी जहाजांवर उमेदवारी केलेले खलाशी अजून हयात होते, आणि ही दहा हजार टनांची पोलादी बया! कमरेला १८ इंच जाडीचे चिलखत, १३ इंची चार तोफा. पण एवढे धूड हलायचे ते कोळसा आणि पाणी यांवरच.

१५ फेब्रुवारी १८९८ रोजी हवानाच्या बंदरात ‘मेन’ ही अमेरिकन युद्धनौका स्फोट होऊन बुडाली. स्पेनशी युद्धाची चिन्हे दिसू लागली, आणि ‘ओरेगन’ नेमकी पॅसिफिकच्या किनाऱ्यावर! पनामाचा कालवा तेव्हा झालेला नव्हता. सबंध दक्षिण अमेरिकेला वळसा घालण्यावाचून गत्यंतर नव्हते. १९ मार्चला कॅप्टन चार्ल्स क्लार्क यांनी सॅन फ्रान्सिस्को सोडले.

खरी गोष्ट इथून पुढची. मुख्य इंजिनिअर रॉबर्ट मिलिगन यांनी कॅप्टनपुढे एक अट घातली : बॉयलरांत समुद्राचे पाणी घालायचे नाही. खाऱ्या पाण्याने आत क्षारांची पुटे चढतात, वाफ धरत नाही, वेग जातो. (बंबात विहिरीचे जड पाणी ओतणाऱ्या गृहिणींना हे सांगायला नकोच.) पण मग गोडे पाणी आणायचे कुठून? खलाशांच्या पिण्याच्या पाण्यातून! उष्ण कटिबंधातला प्रवास, वर ऊन, खाली भट्ट्या, आणि पिण्याला मोजके कोमट पाणी. खलाशांनी ते मान्य केले. बोटीवर थोडासा बर्फ होता. तोही त्यांनी खाली कोळसा ओढणाऱ्यांसाठी राखून ठेवला. या चार ओळी मी दोनदा वाचल्या.

मॅगेलनच्या सामुद्रधुनीत वादळाने गाठले. रिओला पोचल्यावर युद्ध जाहीर झाल्याचे कळले. २४ मे रोजी, ६६ दिवसांत सुमारे १४,००० सागरी मैल तोडून, ‘ओरेगन’ फ्लॉरिडाला लागली, तीही लढायला सज्ज! कालवा हवा म्हणणाऱ्यांच्या हाती यामुळे आयतेच कोलीत मिळाले. तो प्रत्यक्षात खुला झाला १९१४ साली.

३ जुलैला सँटियागोच्या बंदरातून स्पॅनिश जहाजे निसटू लागली. ‘क्रिस्टोबल कोलोन’ हे त्यांतले सर्वांत वेगवान. ‘ओरेगन’ने ‘ब्रुकलिन’बरोबर त्याचा पाठलाग केला, आणि शेवटी कोलोनने किनाऱ्याला टेकून निशाण उतरविले. तोफांचा पराक्रम तो आहेच. पण मी थोडे श्रेय त्या न प्यायलेल्या पाण्याला देईन.

पुढची कहाणी उतरणीची. १९०० साली चीनच्या किनाऱ्याजवळ ती खडकावर चढली; डागडुजी जपानात, कुरे येथे झाली. १९२५ पासून पोर्टलंडला तिचे संग्रहालय होते. दुसऱ्या महायुद्धात पोलादाची निकड भासली आणि १९४२ साली ही राष्ट्राची लाडकी ३५,००० डॉलरला भंगारात गेली! वरचा डोलारा उतरवून झाल्यावर आरमाराला उपरती झाली. उरलेल्या सांगाड्यात दारूगोळा भरून १९४४ साली तो ग्वामला ओढत नेला. नोव्हेंबर १९४८ च्या तुफानात दोरखंड तुटले आणि इंजिन नाही, माणूस नाही, अशी ती निघून गेली. विमानांना ८ डिसेंबरला सापडली ती ५०० मैलांवर! कुठे निघाली होती कोण जाणे. १९५६ साली तिला पुन्हा विकले, आणि ज्या जपानात तिची डागडुजी झाली होती तिथेच तिचे तुकडे झाले. तिची डोलकाठी तेवढी पोर्टलंडला विलामेट नदीकाठी उभी आहे.

हे सारे मी रात्री जेवताना घरात सांगितले. सौभाग्यवती शांतपणे म्हणाली, "डोलकाठी ठेवली ना त्यांनी? मग आपण तोटी ठेवू."

आई काही बोलली नाही. भंगारवाला रविवारी येणार आहे.