वेलिणकर नावाचा वैमानिक

पहिल्या महायुद्धात ब्रिटिशांच्या बाजूने लढाऊ विमान चालवणारे भारतीय बोटांवर मोजण्याइतके. हरदितसिंग मलिक, इंद्रलाल रॉय, एरॉल सेन आणि आपल्या मुंबईचे श्रीकृष्ण वेलिणकर. मलिक पुढे राजदूत झाले, रॉय यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट निघालं. वेलिणकर मात्र मुंबईकरांनाही फारसे ठाऊक नाहीत.

ते २३ व्या स्क्वाड्रनमध्ये सॉपविथ डॉल्फिन चालवत. २७ जून १९१८ रोजी गस्तीवर गेले ते परतलेच नाहीत. जखमी होऊन ते जर्मनांच्या हाती पडले आणि ३० जूनला गेले. जर्मनांनी त्यांना पुरलं, पण कबरीवर नाव लिहिलं ‘वुमकर’. ते वेलिणकरच, हे ठरायला युद्ध संपल्यावर बरीच शोधाशोध व्हावी लागली. आज फ्रान्समधल्या हँगार्डच्या दफनभूमीत त्यांच्या नावाची शिळा आहे.

हे सगळं गिरगावात बसून शोधता येतं, कारण राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाने कबरींच्या नोंदी इंटरनेटवर खुल्या केल्या. त्या काळच्या हवाई अधिकाऱ्यांची सेवापत्रकंही लंडनच्या राष्ट्रीय अभिलेखागाराने स्कॅन केली आहेत. पण या शोधात पहिली ठेच लागते ती इंग्रजी स्पेलिंगची. मराठी आडनाव कारकुनाने कानाला वाटलं तसं लिहिलेलं असतं, आणि एक अक्षर इकडचं तिकडे झालं की संगणक सरळ ‘नोंद नाही’ म्हणतो. म्हणून एकेका नावाची जितकी रूपं सुचतील तितकी घालून पाहावी लागतात. हे काम ज्याच्या कानाला मराठी आडनावांची सवय आहे तोच नीट करू शकतो.

आपल्या हवाई दलाची स्थापना ८ ऑक्टोबर १९३२ ची. त्याची युद्धदप्तरं दीर्घकाळ बंदच राहिली. जून २०२१ मध्ये संरक्षण मंत्रालयाने धोरण आखलं, की साधारणपणे २५ वर्षांनी अशी कागदपत्रं खुली व्हावीत. स्वागतच आहे. पण सरकारी दप्तरात मोहीम सापडेल. माणूस सापडतो तो घरच्या कागदांत.

वैमानिकाची लॉगबुक हातात घेऊन पाहा. तारीख, विमानाचा प्रकार आणि क्रमांक, सोबत कोण, कामगिरी कोणती, हवेत किती वेळ. महिनाअखेरीस बेरीज आणि वरिष्ठाची सही. अशी एक वही हाताशी असली की फोटोतल्या विमानाच्या शेपटीवरच्या क्रमांकावरून तारीख लावता येते. म्हणून वहीची सगळी पानं स्कॅन करायची, कोरीसुद्धा. फोटो सहाशे डीपीआयला, दोन्ही बाजूंनी. मागे पेन्सिलीने लिहिलेली नावं बहुधा आजीलाच वाचता येतात, तेव्हा तिला शेजारी बसवून बोलतं करावं आणि ते फोनवर ध्वनिमुद्रित करावं. अल्बमला चिकटलेला फोटो ओढून काढू नये, पानासकट स्कॅन करावा.

मला खरी काळजी आहे ती लालबाग-परळ-गिरगावच्या चाळींची. पुनर्विकासाची नोटीस आली की माळे रिकामे होतात. ट्रंकेतली पत्रं, पदकांच्या सनदा, आधीच कसर लागलेले अल्बम, सगळं रद्दीवाल्याच्या तराजूत जातं. दादरच्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयासारख्या संस्थेत महिन्यातून एक दिवस स्कॅनर लावून बसावं, लोकांनी कागद आणावेत, प्रत ठेवून मूळ कागद घरी न्यावा, असं मला फार वाटतं. प्रत्येक प्रतीसोबत नाव मराठीत लिहावं, आणि त्याखाली इंग्रजीतली सगळी स्पेलिंगं, अगदी चुकीचीसुद्धा.